माणिकरावांच्या नावावर खपवलेली गाडी

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. हैदराबादच्या प्रवासावर लिहा, असं मित्र म्हणाले की मी बिदरच्या किल्ल्यावर लिही, औशाच्या किल्ल्यावर लिही. एकदा तर न पाहिलेल्या गोवळकोंड्यावरही दोन पानं लिहिली. त्या प्रवासातली गाडी मात्र कुठल्याच पानावर येऊ दिली नाही.

आमच्या नातलगांत त्या गाडीची गोष्ट प्रसिद्ध आहे. माझे मोठे साडू माणिकराव, राहणार चिक्कडपल्ली, हैदराबाद, यांनी मला एक जुनी जर्मन गाडी घ्यायला लावली आणि माझ्या बायकोचा, सुमनचा, माहेरच्या जमिनीतला वाटा बुडवला, अशी ती गोष्ट. बारशात, साखरपुड्यात, कुणी नवी स्कूटर घेतली तरी ती निघते आणि लोक पोट धरून हसतात. ती गोष्ट खोटी आहे. मी रचलेली आहे.

हे लिहायला बसण्याआधी सुमनला खरं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून उठली आणि पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका सकाळी चहा पुढे ठेवत म्हणाली, "लिहा. पण नुसतं रडगाणं लिहू नका. तुम्ही दोघांनी त्या आठवड्यात मजाही केली होती. माणिकरावांना रडगाणं आवडायचं नाही."

तेव्हा मजेसकट लिहितो.

लातूर सोडताना

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. सासूबाई उदगीरला माझ्या मेहुण्याकडे, प्रकाशकडे असत. रस्त्यालगतची जमीन विकून त्यांनी दोन्ही मुलींना वाटा दिला होता. थोरल्या अक्कांच्या वाट्याची माणिकरावांनी बँकेत ठेव केली. सुमनला तिच्या वाट्यातून स्वयंपाकघरालगत एक खोली हवी होती, खिडकीशी बसून शिवणकाम करता येईल अशी. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेलो. धरणाच्या भिंतींची इस्टिमेटं केलेली, त्यामुळे खोलीचं इस्टिमेट माझ्या डाव्या हातचा मळ. पण त्याच सुमारास फोनवर हैदराबादच्या जुन्या गाड्यांची छायाचित्रं बघायचा नाद लागला होता.

नवी घेताना ज्या गाडीला एक बंगला विकावा लागला असता, ती आता नव्या छोट्या मारुतीच्या किमतीत मिळत होती! "थोडे काम आहे" असं खाली लिहिलेलं. मी हिशेब मांडला: कामाला किमतीचा चौथा हिस्सा लागला तरी बंगल्याची गाडी मारुतीच्या पैशात, आणि वर खोलीपुरते उरतात.

"बघा बाई," सुमन म्हणाली. "पण माणिकरावांना विचारून घ्या."

आमच्याकडे सगळेच माणिकरावांना विचारून घेत. विहिरीवर कुठली मोटर बसवावी, मुलगा कुठल्या कॉलेजात घालावा, सोयरीक करावी की नाही. ते सिकंदराबादला रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. बोलायचे कमी, पण जे बोलत ते पुढे खरं ठरत असे, आणि खरं ठरल्यावर "मी म्हणालो नव्हतो का" असं त्यांनी कधी ऐकवलं नाही.

अनारशांसाठी अक्का आणि सुमन आधीच उदगीरला गेल्या. मी हैदराबादला निघालो. ठरलं होतं असं, की काम उरकून आम्ही दोघं साडू धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी सकाळी उदगीरला पोचायचं.

चिक्कडपल्ली

माणिकराव स्टेशनवर उन्हाची छत्री घेऊन उभे होते. मला पाहताच त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः उन्हात चालू लागले.

"साडूभाऊ, बायका माहेरी. आता घरचे निजाम आपणच," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्याहारीला खिचडी केली. आपल्याकडे खिचडी म्हणजे रात्रीचं जेवण, नाहीतर पोट बिघडलेल्याचं. हैदराबादेत सकाळीच मसुराची खिचडी खातात, वर तीळ आणि चिंचेचा पातळ खट्टा ओतून, शेजारी तळलेला पापड. पहिला घास मी शंकेनं घेतला. तिसऱ्या वाढणीला माणिकराव म्हणाले, "पोट बिघडलंय वाटतं तुमचं," आणि पातेलंच माझ्याकडे सरकवलं.

त्यांच्या गल्लीत खाली इडलीची गाडी, शेजारी संगीताचा क्लास, समोर चष्म्याचं दुकान. माणिकराव इडलीवाल्याशी तेलुगूत, चष्मेवाल्याशी उर्दूत आणि माझ्याशी मराठीत बोलत. तिन्हींत "हौ" आणि "नक्को" तेच. त्यांच्या घरी वरणाला पप्पू म्हणत आणि आंबाडीला गोंगुरा. आंबे मात्र त्यांनी खास माझ्यासाठी आणले होते, बैंगनपल्ली. मी हापूसचं नाव काढताच त्यांनी हात वर केला. "तुमचा हापूस मोठा, कबूल. आता हा खा आणि गप्प राहा."

आंब्याची कोय चोखत असतानाच मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून गाडी पाहिली. लांबलचक, काळी, आरशासारखी.

"नक्को," ते म्हणाले.

"अहो, किंमत तर बघा."

"किंमत बघूनच म्हणतो. साडूभाऊ, जुनी झाली की गाडीची किंमत उतरते. तिच्या सामानाची उतरत नाही. टायर घ्यायला गेलात तर दुकानदार गाडीचं वय विचारणार नाही, नाव विचारेल. गाडी तुम्हाला मारुतीच्या भावात मिळेल, पण तिचा एकेक नट कोट्यधीशाच्याच भावात."

"पण सगळं एकदाच दुरुस्त केलं की..."

"एकदाच कुठं होतं? ज्यानं विकायला काढली तो वेडा आहे का? त्याच्याकडे पैसा होता. त्याला नाही परवडली." मग हात धुऊन आल्यावर परत म्हणाले, "घेऊ नका. सुमनची खोली बांधा. मी येतो वास्तुशांतीला."

मी बरं म्हणालो. बरं म्हणताना मनात दलालाचा पत्ता घोळत होता.

बंजारा हिल्स

दुसऱ्या दिवशी सालारजंग म्युझियम पाहून येतो, असं सांगून निघालो आणि रिक्षा सरळ बंजारा हिल्सला घेतली. चढाच्या रस्त्यावर बोगनवेलीनं झाकलेला बंगला होता. पोर्चमध्ये गाडी उभी, इंजिन चालू. दलाल पांढऱ्या शर्टातला, एका कानाला फोन.

"इंजिन काहून चालू ठेवलं?" मी विचारलं.

"साब, एसी ठंडा रखा आपके वास्ते."

मी आत बसलो. मलईच्या रंगाचं कातडं, लाकडाची पट्टी, दार लावताच बाहेरचं शहर बंद. फेरी मारून आलो तेव्हा खड्डे होते की नव्हते हे सांगता आलं नसतं. मी आयुष्यभर सरकारी जीपमधून धरणाच्या कच्च्या रस्त्यांनी फिरलो. पाठीचे मणके त्या जीपने मोजून घेतलेले. त्या गाडीत बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, आपली नोकरी आता खरी संपली. कुणी हसा, पण तसं वाटलं. विसार देऊन टाकला. बाकीची रक्कमही तिथूनच फोनवरून भरली. संध्याकाळी गाडी चिक्कडपल्लीच्या गल्लीत यायची होती.

घरी आलो. माणिकराव वर्तमानपत्र वाचत होते.

"पाहिलं म्युझियम?"

"पाहिलं. भव्य आहे."

"ते घड्याळ पाहिलंत? तो छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो ते?"

त्या घड्याळाबद्दल मी ऐकलं होतं. मग काय, लोक कसे खुर्च्यांवर वाट बघत होते, माणूस कसा बाहेर आला, टोले कसे दिले, पोरांनी टाळ्या कशा वाजवल्या, सगळं सांगितलं. माणिकराव मान डोलवत ऐकत राहिले. एकदा "वा!" सुद्धा म्हणाले. मी थांबल्यावर वर्तमानपत्राची घडी घातली.

"साडूभाऊ, आज शुक्रवार. शुक्रवारी म्युझियम बंद असतं."

मी पंख्याकडे बघू लागलो.

"घेतली ना?"

"घेतली."

ते उठले. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चला मग, गल्लीत जागा करायला हवी. तेवढी लांब गाडी इथं आजवर आलेली नाही."

गाडी आली. आपल्याकडे नव्या गाडीला हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू. तिथं शेजारच्या काकू कोहळा घेऊन आल्या, वर कापूर लावून तो गाडीभोवती ओवाळला आणि रस्त्यावर दाणकन फोडला. त्यात भरलेलं कुंकवाचं पाणी माझ्या पांढऱ्या पायजम्यावर उडालं. सगळी गल्ली हसली. चष्मेवाल्यानं चहा पाजला.

सकाळी खाली आलो तर गाडी बसलेली.

टायर ठणठणीत होते. पण धड रस्त्याला टेकायला आलेलं, चाकं कमानीत अर्धी गडप झालेली. पाणी प्यायला गुडघे टेकलेल्या म्हशीसारखी ती दिसत होती. इडलीवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. माणिकरावांनी गाडीला एक फेरी मारली आणि मग त्यांना जे हसू आलं, ते आवरेना. चष्मा काढून डोळे पुसू लागले. मला राग यायला हवा होता. पण मीही हसू लागलो. दोघं म्हातारे भल्या सकाळी इडलीच्या गाडीला धरून हसत होतो.

इंजिन का चालू ठेवलं होतं, ते आता कळलं.

सिकंदराबाद

माणिकरावांच्या ओळखीचा मेकॅनिक सिकंदराबादला होता, यादगिरी नावाचा. गाडी सुरू केली की घरघरत हळूहळू उठायची, तेवढ्या वेळात तिला त्याच्यापर्यंत नेली. स्प्रिंगच्या जागी हिच्या चाकांवर हवा भरलेले रबरी फुगे असतात, त्यांना ते लोक बलून म्हणतात. मागच्या एका बलूनला चीर होती.

यादगिरी खुशमिजास माणूस. त्याला कशाचीच चिंता नव्हती.

"ये गाडी नवाब है साब. नवाबां अपने आप उठते नईं, उठाना पडता."

"किती दिवस लागतील?"

"दो दिन. नईं तो चार. गाडी आपकी है, दिन भी आपके हैं."

"आणि हा एक बदलला की झालं?"

"हौ, बिलकुल!" तो म्हणाला. मग जरा विचार करून, "बाकी तीन भी इसी के भाई हैं, ये याद रखना."

नव्या बलूनची किंमत त्यानं फोनवर विचारून सांगितली. ती ऐकून मी खाली टायरावर बसलो. सुमनच्या खोलीची एक भिंत तिथंच गेली. माणिकरावांनी "मी म्हणालो नव्हतो का" म्हणायला याहून चांगली जागा नव्हती. ते म्हणाले, "उठा, पायजमा काळा होतो. गौलीगुड्याला जाऊ. जुना मिळेल."

गौलीगुडा

बसस्टँडच्या मागच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या सामानाच्या गल्ल्या आहेत. अख्खी गाडी कुठंच दिसत नाही. एका दुकानात नुसती दारं, एकात नुसते दिवे, एकात छतापर्यंत सीट, आणि त्यातल्याच एका सीटवर मालक झोपलेला. आपल्या लातूरच्या भुसार बाजारात जसं धान्याचं पोतं उघडून दाणा दाताखाली धरतात, तसं इथले लोक लोखंड बोटानं वाजवून बघतात. माणिकरावांनीही वाजवलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, हे त्यांनी मला नंतर कबूल केलं.

सौदा मात्र त्यांनी असा केला की मी नुसता बघत राहिलो. दुकानदारानं भाव सांगितला. माणिकरावांनी भावाचं नावच काढलं नाही. स्टूल ओढून बसले. उन्हाळा किती आहे, यंदा आंबा कसा आहे, दुकानदाराच्या मुलीचं कुठं जमलं. चहा आला. दुसरा चहा आला. शेवटी दुकानदारच वैतागला.

"चच्चा, आप लेते की नईं लेते?"

"मैं तो बैठने आया," माणिकराव म्हणाले. "लेनेवाले ये हैं, मेरे साडू. घर के जमाई हैं. धोंडे का खाना है इनका. गाडी बैठ गई तो ससुराल में क्या मुँह दिखाते?"

जावयाची अब्रू हा मुद्दा दुकानदाराला पटला. त्यानं भाव पाडला, वर एक रबरी नळी फुकट दिली आणि मला म्हणाला, "ससुराल में गाडी बंद मत करना."

हा सल्ला मी ऐकायला हवा होता.

यादगिरीचे दोन दिवस लांबत गेले. त्या दिवसांत आम्ही दोघं जेवढे हिंडलो तेवढे आधी कधी हिंडलो नव्हतो. शुक्रवार टाळून म्युझियमलाही गेलो. तो छोटा माणूस बाहेर येऊन टोले देऊ लागला तसे माणिकराव माझ्या कानात म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तेच जास्त चांगलं होतं."

जहीराबादचा रस्ता

धोंड्याच्या दिवशी पहाटेच निघालो. गाडी चारही पायांवर उभी होती. पटांचेरू मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि ती अशी सुटली की माणिकराव पुढच्या सीटवर चक्क गाणं म्हणू लागले. गाडी महाग पडली, हे खरं. पण तो तासभर कुणी माझ्याकडून परत मागितला तर मी देणार नाही.

सदाशिवपेठच्या पुढे रस्त्याकडेला ताडगोळे होते, तिकडे त्यांना मुंजलू म्हणतात. माणिकराव म्हणाले, "थांबा, मी मागे बसतो. साहेब होऊन घेऊ." मागच्या सीटवर रेलून त्यांनी काच अर्धी खाली घेतली. विकणारीनं गाडी पाहिली, त्यांना पाहिलं, आणि दुप्पट भाव सांगितला.

"कारु चूसि रेटु चेप्पकम्मा," माणिकराव कळवळून म्हणाले. गाडी बघून भाव सांगू नकोस, बाई.

ती म्हणाली, अशा गाडीतला माणूस घासाघीस करतो होय? आणि शेजारणीला हाक मारून हा चमत्कार बघायला बोलावलं. शेवटी माणिकराव खाली उतरले, तिच्या टोपलीशी उकिडवे बसले, तेव्हा कुठं भाव माणसात आला. ताडगोळे सोलून खात म्हणाले, "बघा, हाही खर्च धरा. या गाडीतून काहीच स्वस्त मिळणार नाही तुम्हाला."

जहीराबाद सोडलं आणि एसी बंद पडला. वर ऊन तापलेलं, आणि मागची एक काच वर जाऊन अडकली ती खाली येईना. बिदरच्या अलीकडे उसाच्या रसवंतीवर थांबलो, तर मालकानं आम्हाला कुणी मोठे समजून बाक फडक्यानं पुसला. घामानं निथळणारे दोन मोठे! कमलनगरपर्यंत आम्ही शर्टाची सगळी बटणं उघडून गेलो. उदगीरच्या वेशीवर गाडी थांबवून बटणं परत लावली, डोक्याला पाणी लावून भांग पाडला आणि मग जावयासारखे आत शिरलो.

उदगीर

गल्ली लोटली. प्रकाशनं दार उघडून दिलं. सुमन उंबऱ्यात उभी होती. इतकी हसलेली मी तिला क्वचित पाहिली आहे. मी ऐटीत इंजिन बंद केलं.

पाट मांडलेले. आम्ही दोघं शेजारी शेजारी. सासूबाईंनी थकलेल्या हातांनी आम्हाला कुंकू लावलं, तेहतीस अनारशांचं वाण दिलं, दिवा ओवाळला. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, असं मानून त्या आम्हाला नमस्कार करत, आणि आम्ही दोघं दरवेळी लाजेनं मागे सरकत असू. पानात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार.

पहिला घास घेतला आणि बाहेर पोरं ओरडली, "गाडी बसली! धाकट्या दाजींची गाडी बसली!"

सगळे दाराशी धावले. मी पाटावरून बघू शकत होतो. ती पार टेकली होती. कुणी हसलं, कुणी हळहळलं. प्रकाश आत आला आणि सरळ विचारलं, "दाजी, केवढ्याला पडली?"

मी आकडा सांगितला. दुरुस्तीचा सांगावा लागला. तेवढ्यात गावात गाड्यांचा धंदा करणारा त्याचा मित्र म्हणाला, आता महाराष्ट्रात नाव चढवायचं तर आरटीओत कर पुन्हा भरावा लागेल, तोही गाडीच्या मूळ किमतीच्या हिशेबानं. हे मी धरलंच नव्हतं. धरणाचं इस्टिमेट करणाऱ्या माणसानं करच धरला नव्हता.

सुमन तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला माहीत होतं: खिडकी असलेली खोली. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "सुमीचा वाटा त्यात घातला का? माणिकरावांना विचारलं नव्हतं का तुम्ही?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "विचारलं ना. तेच म्हणाले, घ्या. हैदराबादेत अशा गाड्या स्वस्तात मिळतात म्हणाले."

सगळे माणिकरावांकडे बघू लागले. त्यांच्या हातात धोंड्याचा तुकडा होता. तो त्यांनी पानात ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "हौ. मीच म्हणालो. माझा अंदाज चुकला."

अक्का म्हणाल्या, "अय्यो! स्वतः कधी सायकलीवरून उतरला नाहीत आणि माझ्या बहिणीला बुडवलंत?" आणि मग सगळे हसले, कारण त्या दिवशी भांडायचं नव्हतं.

परसात हात धुताना मी म्हणालो, "माणिकराव, मी..."

"पाटावर बसलेला जावई खोटा पडला असता तर म्हाताऱ्या बाईला आयुष्यभर लागलं असतं," ते तांब्या माझ्या हातावर ओतत म्हणाले. "आज राहू द्या. पुढं तुम्हीच सांगा सावकाश."

सावकाश सांगा, म्हणाले होते. मी सांगितलं नाही.

हिशेब

स्वस्तातली जुनी मोठी गाडी घेऊन पैसे वाचतात का, असं वाचणाऱ्यांपैकी कुणी विचारेल. नाही वाचत. यादगिरी म्हणाला तसे उरलेले तिन्ही भाऊ एकामागून एक गेले. मग गिअरबॉक्स. लातुरात तिला हात लावायला कुणी धजेना, प्रत्येक वेळी हैदराबाद. ज्याला स्वतःला पाना चालवता येतो आणि घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, त्यानं हौस म्हणून घ्यावी. बचत म्हणून घेऊ नये. शेवटी यादगिरीनंच ती सामानासाठी उचलली. एकूण गेलेल्या पैशांत नवी मारुती आली असती आणि सुमनची खोलीही झाली असती. खोली पुढे मी माझ्या पेन्शनीतून बांधली, लहान, पण खिडकी आहे.

ते नुकसान भरून निघालं. दुसरं निघालं नाही. त्या जेवणानंतर माणिकरावांना कुणी काही विचारेनासं झालं. प्रकाशनं शेतात बोअर घेतली, मुलीची सोयरीक केली, नवं घर घेतलं. कुणी म्हणालं, "मोठ्या दाजींना विचारू या का?" की दुसरा म्हणे, "नको बाबा, गाडी घ्यायला लावतील," आणि हशा. माणिकरावही हसत. पण बैठकीत बसल्यावर त्यांची जी पुढे सरकून ऐकायची सवय होती, ती गेली. ते मागे, भिंतीला टेकून बसू लागले.

पुन्हा चिक्कडपल्ली

त्यांची तब्येत बिघडल्याचं कळलं तेव्हा मी एकटाच गेलो, फक्त हे सांगायला. रेल्वेत वाक्य पाठ करत गेलो.

घर भरलेलं होतं. अक्का, त्यांची मुलं, प्रकाशही आलेला. माणिकराव उशीला टेकून बसले होते, वाळलेले, पण डोळे तेच. मला पाहताच म्हणाले, "आले नवाब! साडूभाऊ, सांगा बरं सगळ्यांना, मी ती गाडी कशी गळ्यात मारली. हे नातवंडांनी ऐकलं नाही अजून."

ते मला वाट करून देत होते की नुसती मजा हवी होती, हे मला आजही कळत नाही. नातवंडं सरसावून बसली. अक्का आधीच हसू लागल्या होत्या. मी सुरुवात केली. बसलेली म्हैस, नवाब, ताडगोळे. खोली हसण्यानं दणाणली आणि माणिकराव सगळ्यांत जास्त हसत होते, खोकला येईपर्यंत. "कोण म्हणालं घ्या?" नातवानं विचारलं. मी माणिकरावांकडे बोट दाखवलं.

निघताना खाली वाकून त्यांचे दोन्ही हात धरले. "माणिकराव, एक बोलायचं होतं," म्हणालो. अक्कांनी त्याच वेळी गोळ्या आणि पाणी आणलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी. आंबे आले की या." आंब्यांच्या आधीच प्रकाशचा फोन आला.

मी पाठ केलेलं वाक्य असं होतं:

माणिकराव, तुम्ही घेऊ नका म्हणाला होतात, दोनदा म्हणाला होतात. मी तुमच्यापासून लपवून घेतली आणि भरल्या घरात दोष तुमच्यावर घातला. तुमचा अंदाज चुकला नव्हता. मला माफ करा.